सेल्युलाईट : एका शब्दाचा दीडशे वर्षांचा प्रवास

आजचा विषय जरा संकोचाचा आहे, त्यामुळे तो आडवळणाने न आणता सरळच मांडते. बाईच्या मांडीवर, नितंबांवर, कधी पोटावर जे बारीक खळगे आणि उंचवटे दिसतात, ज्याला हल्ली सगळे ‘सेल्युलाईट’ म्हणतात, त्याचा आज इतिहास बघायचा आहे. भिलाईच्या सिव्हिक सेंटरपासून सुपेल्यापर्यंत कुठल्याही पार्लरच्या दरपत्रकात हा शब्द आता सापडतो. आपल्या आजीला तो माहीत नव्हता. आजीच्या मांडीवर खळगे नव्हते म्हणून नव्हे. खळगे होते, नाव नव्हतं. नाव कुठून आलं, कोणी आणलं आणि नावामागोमाग काय काय विकायला आलं, हे समजलं की उपाय कोणता खरा आणि कोणता पोकळ हे आपोआप कळू लागतं.

आधी एक गोंधळ मिटवू. ‘सेल्युलाईट’ आणि ‘सेल्युलायटिस’ असे दोन शब्द आहेत. सेल्युलायटिस हा जंतूंमुळे होणारा त्वचेखालचा आजार. पाय लाल होतो, तापतो, सुजतो, दुखतो, थंडी वाजून ताप येतो. सेक्टर ९ च्या हॉस्पिटलात, म्हणजे आपल्या जवाहरलाल नेहरू चिकित्सालयात, अशा पायांचे रुग्ण नेहमीचे असतात. सेल्युलाईट म्हणजे वर सांगितलेले खळगे. त्यात ना ताप, ना जंतू. दोन्हींचा एकमेकांशी काडीचा संबंध नाही. मग नावं अशी जुळ्या बहिणींसारखी का? कारण मुळात तो एकच शब्द होता.

आपल्याला अपेंडिसायटिस, टॉन्सिलायटिस, ब्राँकायटिस हे शब्द पाठ आहेत. शेवटचं ‘आयटिस’ म्हणजे दाह, सूज. इंग्रजीत जिथे ‘आयटिस’ येतं तिथे फ्रेंचमध्ये नुसतं ‘ईत’ येतं : ब्राँशीत, आर्त्रीत, अपांदिसीत. त्याच चालीवर सेल्युलीत. फ्रेंच डॉक्टर त्या काळी शरीरातल्या जोडणाऱ्या ऊतींना, म्हणजे कातडी, चरबी आणि स्नायू यांना एकत्र धरून ठेवणाऱ्या जाळीला, ‘सेल्युलर’ ऊती म्हणत. तिला सूज आली की झालं सेल्युलीत. एमिल लित्रे आणि शार्ल रोबँ यांच्या वैद्यकीय शब्दकोशाच्या १८७३ च्या आवृत्तीत हा शब्द नोंदलेला आहे आणि अर्थ सरळ आहे : सेल्युलर ऊतींचा दाह. लित्रे हे फ्रेंच भाषेच्या महाकोशाचे कर्ते. म्हणजे या शब्दाच्या जन्माच्या वेळी हजर होता तो एक कोशकार, आणि त्याच्या डोक्यात बाईची मांडी नव्हती.

पुढच्या पन्नास वर्षांत शब्दाने हळूच जागा बदलली. १९२० च्या सुमारास अल्कियेर आणि पाव्हियो या फ्रेंच डॉक्टरांनी त्वचेखालच्या या बदलाचं वर्णन केलं आणि म्हटलं की हा दाह नव्हे. ऊतींच्या पोषणात बिघाड झाला आहे, तिथे पाणी साचतं आहे. दाह नाही म्हटल्यावर खरं तर ‘ईत’ हे शेपूट गळून पडायला हवं होतं. ते राहिलं. आणि शेपूट राहिलं म्हणून ऐकणाऱ्याला तो आजारच वाटत राहिला. माझ्या मते या सगळ्या गोष्टीतला सगळ्यात महागात पडलेला अक्षरसमूह हाच.

डॉक्टरांच्या खोलीतून हा शब्द बायकांच्या मासिकात आला तो १९३३ मध्ये. पॅरिसहून निघणाऱ्या ‘व्होत्र बोते’ या मासिकात, म्हणजे ‘तुमचं सौंदर्य’ म्हणूया, एका डॉक्टरने वाचकांना सेल्युलीत समजावून सांगितला : पाणी, चरबी आणि शरीरातले न निघालेले विषारी अंश यांचं मिश्रण मांडीत साचतं. हे विषारी अंश नेमके कोणते, हे त्या दिवसापासून आजपर्यंत कुणी दाखवलेलं नाही. पण ‘टॉक्सिन’ हा शब्द तेव्हा जो चिकटला तो आजच्या ‘डिटॉक्स’ पॅकेजपर्यंत पोचला. आणि मासिक कोणाचं होतं? युजेन श्यूलर यांचं. हेच लॉरेआल कंपनीचे संस्थापक. तक्रारीचं नाव छापणारा आणि मलम विकणारा एकाच घरचा होता, एवढंच सांगते. यात कुणी बसून कट रचला असं मला म्हणायचं नाही. धंद्याला कट लागत नाही, सवय पुरते.

वेळही जुळून आली होती. १९३६ मध्ये फ्रान्समध्ये कायदा झाला आणि कामगारांना वर्षाला दोन आठवड्यांची पगारी रजा मिळाली. गिरणीतली, दुकानातली माणसं प्रथमच समुद्रकिनारी गेली. त्याच्या आदल्याच वर्षी श्यूलर यांच्या कंपनीचं उन्हात लावायचं तेल बाजारात आलं होतं. जे पाय शेकडो वर्षं घागऱ्यात होते ते आता वाळूवर, भर दुपारच्या उन्हात, अनोळखी लोकांसमोर आले. १९४६ मध्ये लुई रेआर यांनी बिकिनी आणली, साठच्या दशकात मिनी स्कर्ट आला. उघडं अंग जसं वाढत गेलं तसं पाहण्याचं भिंगही मोठं होत गेलं. त्याआधी चित्रकारांनी हे खळगे पाहिले नव्हते असं नाही. सतराव्या शतकातल्या रूबेन्सच्या ‘थ्री ग्रेसेस’ या चित्रातल्या तिघीजणींच्या मांड्या पाहा. खळगे सगळे तिथे आहेत, रंगांत नीट उतरवलेले. त्या चित्रात त्या तिघी देवता आहेत.

आता फ्रान्स थोडा वेळ बाजूला ठेवू आणि त्याच वर्षांत आपल्याकडे काय चाललं होतं ते पाहू. १९३८ मध्ये मास्टर विनायकांचा ‘ब्रह्मचारी’ आला, लेखन आचार्य अत्र्यांचं. त्यात मीनाक्षी शिरोडकर पोहण्याच्या पोशाखात दिसल्या आणि महाराष्ट्रभर खळबळ उडाली. लोक थिएटरात पुन्हा पुन्हा गेले, काहींनी नाकं मुरडली. पण भांडण कशावरून होतं बघा. बाईने पाय दाखवावेत की नाही, यावरून. पायाची कातडी गुळगुळीत आहे की खळग्यांची, हा मुद्दाच कुणाच्या मनात नव्हता. लीला चिटणीस १९४१ मध्ये लक्स साबणाच्या जाहिरातीत आल्या, त्या साबणासाठी झळकलेल्या पहिल्या भारतीय नटी. साबण, स्नो, केसांचं तेल : आपल्या बाजाराची नजर तेव्हा चेहरा, रंग आणि केस यांवर होती. नऊवारी असो, सहावारी असो, मांडी झाकलेलीच. जे झाकलेलं त्याचं मलम कोण विकणार?

त्याआधीचंही एक सांगायला हवं, कारण आजकाल ‘आयुर्वेदिक सेल्युलाईट उपचार’ अशा पाट्या दिसतात. चरकाने अतिस्थूल माणसाचा विचार सविस्तर केला आहे, त्याची धाप, घाम, भूक, दुबळेपण, सगळं. वाग्भटाने उद्वर्तन सांगितलं आहे, म्हणजे कोरड्या चूर्णाने अंग चोळणं. त्याने कफ आणि मेद कमी होतो, अंग घट्ट होतं, कांती येते असं त्याचं म्हणणं. आपण दिवाळीला उटणं लावतो ते त्याच घरातलं. पण निरोगी, बेताच्या बांध्याच्या बाईच्या मांडीवरच्या खळग्यांना या ग्रंथकारांनी वेगळा रोग मानलेलं नाही. संस्कृत कवींना तर पोटावरच्या तीन वळ्या, त्रिवली, हे सौंदर्याचं लक्षण वाटे. तेव्हा उद्वर्तन जुनं आहे, खरं. त्याच्या आधी लावलेला ‘सेल्युलाईट’ हा शब्द मात्र पॅरिसचा आहे.

आणि आपलं भिलाई? फेब्रुवारी १९५५ मध्ये सोव्हिएत रशियाशी पोलाद कारखान्याचा करार झाला तेव्हा दुर्ग ज्या प्रांतात होतं त्याची राजधानी नागपूर होती. ती भोपाळला गेली ती पुढच्या वर्षी. विदर्भातून कितीतरी मराठी कुटुंबं इथे आली ती याच काळात आणि नंतर. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते पहिली झोतभट्टी सुरू झाली. योगायोग असा की ‘फेमिना’ मासिकही १९५९ चंच. पण त्या वर्षी सेक्टरातल्या कुठल्याही मराठी घरात जाऊन ‘सेल्युलाईट’ म्हटलं असतं, तर लोकांना वाटलं असतं की कारखान्यातल्या एखाद्या रशियन यंत्राचं नाव असेल.

अमेरिकेलाही तो शब्द उशिराच कळला. १५ एप्रिल १९६८ च्या ‘व्होग’च्या अंकात तो ठळकपणे आला, आजवर न हटणाऱ्या चरबीचं नवं नाव, अशा थाटात. इथे एक गंमत झाली. इंग्रजीत या फ्रेंच शब्दाचं भाषांतर करायचं तर ते ‘सेल्युलायटिस’ झालं असतं आणि तो शब्द डॉक्टरांनी जंतूंच्या आजारासाठी आधीच घेतलेला होता. म्हणून फ्रेंच शब्द आहे तसाच उचलला, आणि बहिणी वेगळ्या झाल्या. पुढे १९७३ मध्ये निकोल रोन्सार या न्यूयॉर्कमध्ये सलून चालवणाऱ्या बाईंनी सेल्युलाईटवर पुस्तक लिहिलं आणि ते प्रचंड खपलं. आहार, श्वसन, मसाज, व्यायाम असा त्यांचा कार्यक्रम होता. मूळ सिद्धांत तोच जुना, साचलेल्या विषांचा. व्यायाम आणि आहार यांत वावगं काही नाही. पण आता बायका आरशासमोर उभ्या राहून स्वतःची मांडी चिमटीत धरून पाहू लागल्या. दाबल्यावर खळगे दिसतात का? दिसतातच. जवळजवळ प्रत्येकीला दिसतात.

का दिसतात, हे नीट दाखवलं ते १९७८ मध्ये न्यूर्नबर्गर आणि म्युलर या दोन जर्मन संशोधकांनी. त्यांच्या निबंधाचं शीर्षकच बोलकं होतं. मथितार्थ असा की हा तथाकथित सेल्युलाईट म्हणजे शोधून काढलेला नव्हे, बनवलेला आजार आहे. त्यांनी कातडी आणि तिच्याखालची चरबी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली, बाईची आणि पुरुषाची वेगवेगळी.

त्यांना काय दिसलं ते समजायला आपली कापसाची गादी आठवा. पिंजारी येऊन कापूस पिंजायचा, खोळीत भरायचा आणि मग मोठ्या सुईने आरपार टाके घालायचा. टाका जिथे ओढला जातो तिथे खळगा, दोन टाक्यांच्या मध्ये कापूस फुगलेला. बाईच्या मांडीच्या कातडीखाली अगदी हेच आहे. कातडी म्हणजे खोळ, चरबी म्हणजे कापूस, आणि कातडीला खालच्या थराशी बांधणारे तंतू म्हणजे टाके. बाईमध्ये हे तंतू बरेचसे उभे असतात, त्यामुळे चरबीचे कप्पे वर कातडीकडे फुगायला मोकळे. पुरुषामध्ये ते तिरपे, एकमेकांना छेदणारे, जाळीसारखे असतात आणि त्याची कातडीही जाड असते. कापूस दडपला जातो. ज्या पुरुषांत पुरुषी संप्रेरक कमी असतं त्यांच्यात बाईसारखी रचना दिसते, हेही त्यांनी नोंदवलं. नंतरच्या काळात एमआरआयने दाखवलं की चित्र इतकं सरळ रेषेचं नाही, तंतूंच्या दिशा बाईबाईतही बदलतात. पण गादीची गोष्ट मोडली नाही. जर्मन डॉक्टर तर या दिसण्याला ‘गादीची घटना’ असंच म्हणतात. हे त्यांनी आपल्या पिंजाऱ्याकडून घेतलेलं नाही. गाद्या तिकडेही असतात.

वयात आल्यावर बाईच्या शरीरात जी संप्रेरकं काम करू लागतात त्यांच्याबरोबर ही रचना उठून दिसू लागते. म्हणून लहान मुलीत ती नसते, आणि वयात आलेल्या ८० ते ९० टक्के स्त्रियांत कमीअधिक असते, असा वैद्यकीय लेखनातला नेहमीचा अंदाज आहे. सडपातळ मुलींतही. शंभरातल्या ऐंशी-नव्वद जणींमध्ये जे आढळतं त्याला आजार म्हणायचं असेल तर मग निरोगी कोण, हा प्रश्न त्या दोघा जर्मनांनी न विचारताच विचारला होता.

निबंध छापला गेला, डॉक्टरांनी वाचला. बाजार थांबला नाही. उलट त्यानंतरही हा धंदा जोरात चालला. आणि दर दशकाचं मलम त्या दशकाच्या समजुतीप्रमाणे बदलत गेलं. विषं साचतात असं वाटलं तेव्हा विषं काढणारे लेप. रक्ताभिसरण मंद आहे असं वाटलं तेव्हा ते वाढवणाऱ्या गोळ्या. १९९९ मध्ये अमेरिकेत ‘सेलासीन’ नावाच्या गोळ्या आल्या, इटलीहून. त्यात जिंको, द्राक्षाच्या बिया, समुद्री शेवाळ असलं काय काय होतं. खाल्ल्याने सेल्युलाईट जातो असा दावा. लोकांची झुंबड उडाली. २००० मध्ये अमेरिकेच्या संघीय व्यापार आयोगाने विकणाऱ्या रेक्सॉल सनडाउन कंपनीवर खटला भरला, कारण दाव्याला पुरावा नव्हता. २००३ मध्ये कंपनीने ग्राहकांना १ कोटी २० लाख डॉलरपर्यंत परत करायचं कबूल केलं. पुढे २०११ मध्ये त्याच आयोगाने निव्हियाच्या एका अंग सडपातळ करणाऱ्या क्रीमच्या जाहिरातीवरूनही कंपनीकडून ९ लाख डॉलर वसूल केले. तिकडे निदान असा जाब विचारणारं कुणी होतं.

या गर्दीत एका यंत्राची गोष्ट मला आवडते. लुई पॉल गिते या फ्रेंच माणसाला मोटार अपघात झाला आणि व्रणांसाठी रोज मसाज घ्यावा लागला. हाताने होणारा मसाज दर वेळी वेगळा होतो म्हणून वैतागून त्यांनी ऐंशीच्या दशकात कातडी ओढून लाटणारं रोलरचं यंत्र बनवलं. ते व्रणांसाठी होतं. मग पाहणाऱ्यांच्या लक्षात आलं की त्याने मांडीही काही काळ सपाट दिसते, आणि यंत्राची वाट बदलली. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने त्याला परवानगी दिली ती ‘दिसणं तात्पुरतं कमी करणारं’ एवढ्याच शब्दांत. भिलाईसारख्या पोलादाच्या गावात, जिथलं बर्न युनिट मध्य भारतात नावाजलेलं आहे, भाजल्याच्या व्रणाखाली घट्ट झालेली कातडी सैल करणं म्हणजे काय हे कुणाला सांगावं लागत नाही. तेच यंत्र व्रणावरून उचलून निरोगी मांडीवर आलं की त्याची किंमत, जाहिरात, सगळंच बदलतं.

आपल्याकडे हा शब्द खऱ्या अर्थाने आला तो नव्वदीत. रीटा फारिया १९६६ मध्ये मिस वर्ल्ड झाल्या होत्या, मुंबईत वैद्यकीय शिक्षण घेणारी गोवेकर घरातली मुलगी; पण त्यानंतर त्या डॉक्टरकीकडे वळल्या आणि देशही आपल्या कामाला लागला. १९९१ नंतर मात्र चॅनेल आली, परदेशी कंपन्या आल्या. १९९४ मध्ये सुश्मिता सेन आणि ऐश्वर्या राय यांनी दोन्ही मुकुट आणले. मीनाक्षी शिरोडकरांची नात नम्रता शिरोडकर १९९३ ची मिस इंडिया. म्हणजे एकाच घरात दोन पिढ्यांत पोहण्याचा पोशाख खळबळीचा होता तो परीक्षेचा भाग झाला. १९९६ मध्ये बंगळूरला मिस वर्ल्ड भरली तेव्हा एवढी निदर्शनं झाली की पोहण्याच्या पोशाखाची फेरी सेशेल्सला हलवावी लागली. तेव्हाही वाद १९३८ चाच : दाखवावं की नाही. दाखवल्यावर ते ‘कसं’ दिसावं, हे मात्र आता ठरलेलं होतं, आणि ते ठरवताना कुणी निदर्शनं केली नाहीत. वंदना लुथ्रांनी १९८९ मध्ये दिल्लीत सुरू केलेली व्हीएलसीसी आणि तिच्यासारखी केंद्रं याच वर्षांत शहराशहरांत पसरली. मग मोबाइल आला. आता फोटोतली मांडी बोटाच्या एका फटकाऱ्याने गुळगुळीत होते, आणि खरी मांडी त्या फोटोशी तुलना करत बसते.

बरं, मग ज्यांना हे दिसणं कमी करायचं आहे त्यांनी काय करावं? इच्छा असणं काही गुन्हा नाही. आपण केस काळे करतो, दात सरळ करतो. फक्त प्रत्येक उपाय गादीवर ठेवून पाहा.

क्रीम खोळीवर लावतात. टाके खोळीच्या खाली आहेत. कॅफीन असलेली क्रीमं थोडं पाणी खेचून काही तास कातडी ताणलेली दाखवतात. रेटिनॉल महिनोन्‌महिने लावलं तर खोळ किंचित जाड होते, त्यामुळे खळगे जरा कमी जाणवतात. गरोदरपणात मात्र ते वापरायचं नाही. मसाज, मग तो रोलरचा असो की उटण्याचा, पाणी आणि कापूस इकडेतिकडे सरकवतो. बरं वाटतं, अंग हलकं होतं, परिणाम दिवसांचा. वजन उतरवलं तर कापूस कमी होतो, बऱ्याच जणींचं दिसणं सुधारतं. पण वजन भराभर उतरलं आणि खोळ सैल पडली तर काहींचे खळगे उलट जास्त दिसतात. मांडीचे स्नायू व्यायामाने भरले की गादीखालची फळी मजबूत होते आणि वरचा थर जरा ताणून बसतो. चालणं, जिने चढणं, उठाबशा यांना पॅकेज लागत नाही, आणि खळगे तसेच राहिले तरी गुडघे, साखर, हृदय यांचा फायदा पदरात पडतोच.

टाक्यांनाच हात घालायचा विचार डॉक्टरांना सुचायला २००० साल उजाडलं. ब्राझीलच्या डोरिस हेक्सेल आणि त्यांच्या सहकाऱ्याने कातडीखाली सुई घालून ते तंतू कापण्याची पद्धत सेल्युलाईटसाठी वापरून तिचे निष्कर्ष छापले. पुढे त्यावर आधारलेलं एक यंत्र २०१५ पर्यंत अमेरिकेत मंजूर झालं. त्याचा परिणाम वर्षानुवर्षं टिकलेला दिसला. हा उपाय रचनेला धरून आहे. तो छोटी शस्त्रक्रिया आहे, सूज आणि काळेनिळे डाग येतात, आणि तो त्वचारोगतज्ज्ञाने किंवा प्लास्टिक सर्जनने करायचा असतो, पार्लरमध्ये नव्हे.

मग कुणीतरी म्हटलं, कापण्यापेक्षा टाका विरघळवू. कोलॅजिनेज नावाचं वितंचक हाताची बोटं आखडण्याच्या आजारात आधीपासून वापरात होतं. तेच जुलै २०२० मध्ये ‘क्वो’ या नावाने नितंबांवरच्या सेल्युलाईटसाठी मंजूर झालं, अशा प्रकारचं पहिलं इंजेक्शन म्हणून. पुष्कळ गाजावाजा झाला. डिसेंबर २०२२ मध्ये कंपनीनेच ते बंद करत असल्याचं जाहीर केलं. कारण इंजेक्शनच्या जागी फार काळेनिळे डाग पडत होते आणि कातडीचा रंग दीर्घकाळ बदललेला राहण्याची भीती होती. आपल्या सावळ्या कातडीवर साध्या पुटकुळीचाही डाग महिनोन्‌महिने राहतो, हे लक्षात घेऊन ही बातमी वाचा. खळगा घालवून डाग आणायचा, असला हा सौदा.

आता पुन्हा त्या दोन बहिणींकडे येते, कारण खरी चिंता तिथे आहे. एकाच शब्दाच्या आसपास तीन गोष्टी फिरतात आणि बायका तिन्हींना एकच समजतात.

पहिली सेल्युलायटिस. पूर्व विदर्भ आणि छत्तीसगडचे काही जिल्हे हे हत्तीरोगाचे जुने पट्टे. ज्या पायात आधीच सूज आहे, ज्या माणसाला मधुमेह आहे, ज्याच्या बोटांच्या बेचक्यांत सेफ्टी शूजमधल्या घामाने बुरशी झाली आहे किंवा टाचांना भेगा आहेत, त्याच्या कातडीतून जंतू आत शिरतात. एका पायाला लाली, गरमपणा, दुखणं, बरोबर ताप : हे दिसलं की त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा. योग्य अँटिबायोटिक वेळेवर मिळालं की पाय वाचतो. अशा पायाला चोळायचं नाही, लेप लावून वाट पाहायची नाही. ‘सेल्युलाईट आहे, सगळ्यांनाच असतं’ असं म्हणून घरी बसणं इथे जिवावर बेतू शकतं.

दुसरी लिपिडेमा. १९४० मध्ये अमेरिकेच्या मेयो क्लिनिकच्या ॲलन आणि हाइन्स या डॉक्टरांनी तिचं वर्णन केलं. कमरेखालचे दोन्ही पाय सारखेच जाड होत जातात, पावलं मात्र बारीकच राहतात, घोट्याशी जणू कडं घातल्यासारखी रेघ. दाबलं की दुखतं, जराशा धक्क्याने काळंनिळं पडतं, आणि उपाशी राहूनही पाय बारीक होत नाहीत. हा आजार खरा आहे आणि बहुतेक करून बायकांनाच होतो. अशा बाईला वर्षानुवर्षं ‘कमी खा, मसाज कर’ असं ऐकवलं जातं. तिने त्वचेच्या दुकानात जायचं नसतं, फिजिशियनकडे किंवा रक्तवाहिन्यांच्या डॉक्टरकडे जायचं असतं.

तिसरी सगळ्यात छोटी आणि सगळ्यात गंभीर. सेल्युलाईटला ‘संत्र्याच्या सालीसारखी त्वचा’ म्हणतात; नागपूरचं संत्रं खाणाऱ्यांना हे वर्णन वेगळं समजावायला नको. मांडीवर ती साल निरुपद्रवी. पण स्तनाची कातडी कधी अशी संत्र्याच्या सालीसारखी दिसू लागली, तर ते सेल्युलाईट नव्हे. ते कर्करोगाचं लक्षण असू शकतं. त्याच आठवड्यात तपासणी करून घ्यायची. संकोचाने मांडी झाकली तर काही बिघडत नाही, ही गोष्ट मात्र झाकू नका.

जाता जाता कायद्याचं बोलते, कारण ‘हे असले दावे कुणी थांबवत का नाही’ असं कुणीतरी विचारतंच. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी पहिल्या वेळी १० लाखांपर्यंत आणि पुन्हा केल्यास ५० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. तक्रार करायला मोठा वकील लागत नाही. पावती आणि जाहिरातीचा कागद जपून ठेवा. त्याहून जुना १९५४ चा कायदा आहे, औषधं आणि जादूटोण्याच्या उपायांच्या आक्षेपार्ह जाहिरातींचा. त्याला एक परिशिष्ट जोडलेलं आहे. त्यातले आजार आमच्या औषधाने बरे होतात अशी जाहिरातच करता येत नाही. त्या यादीत मधुमेह आहे, कर्करोग आहे, स्थूलता आहे, स्त्रीच्या वक्षाचा आकारसुद्धा आहे. सेल्युलाईट नाही. यादी करणाऱ्यांना तो आठवला नाही असं नव्हे. यादी झाली तेव्हा तो शब्द आपल्याकडे पोचलाच नव्हता.